सुध्या, तुझ्या भिंतीबद्दल

वेंगुर्ला

प्रिय सुध्या,

बरो आसस मां? वहिनी, पोरं सगळी मजेत असतील. तुझा मेसेज मिळाला, पण त्याला फोनवर उत्तर टाइप करत बसलो असतो तर अंगठा कामातून गेला असता, म्हणून हे लांबलचक पत्र. चहा घेऊन बस.

तर तुझी ऑर्डर अशी की ठाण्याच्या नव्या फ्लॅटमध्ये सोफ्यामागची भिंत मोकळी आहे, तिथे तीन-चार प्रिंट हव्यात, आपल्या वेळचा टीव्ही आणि आपल्या वेळची गाणी, आणि दिसलं पाहिजे एकदम रेट्रो. इथपर्यंत ठीक. पण सोबत नमुना म्हणून जे फोटो पाठवलेस ते बघून मेल्या मी कपाळावर हात मारला. नटांचे चेहरे मोठे केलेत, वर पिवळट-तपकिरी फिल्टर मारलाय, कडा फाटल्यासारख्या केल्यात आणि कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग! अरे पण १९८५ साली जे पोस्टर बाजारात आलं ते तेव्हा कोरं करकरीतच होतं ना, रंग डोळ्यात घुसायचे त्याचे. पिवळं पडलं ते नंतर, भिंतीवर राहून. म्हणजे हे लोक त्या काळची नक्कल करत नाहीत, त्या काळाला लागलेल्या ओलीची करतात.

माझ्या मते ते दिवस आठवण्यासारखे दिसायचे ते तेव्हाच्या मशीनला जे जमायचं नाही त्याच्यामुळे. तिसरी शाई परवडायची नाही म्हणून दोनच रंगात पोस्टर, चित्र ठिपक्यांनी छापायचं पण बारीक ठिपका जमायचा नाही म्हणून जाड ठिपके, फॉन्ट नव्हते म्हणून अक्षर हाताने काढायचं. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातीतली शीर्षकं काढली ती आठव, नुसतं अक्षर बघून नाटक रडवणार का हसवणार ते कळायचं. तर तीच अडचण आपण आपणहून अंगावर घ्यायची, तेवढ्याच शाया, तेवढाच जाड ठिपका, हाताचं अक्षर. मग चहाचा डाग लागत नाही.

आता चेहऱ्यांचं. ते मी करणार नाही, आधीच सांगतो. एक तर कायद्याची भानगड आहे, २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाने अनिल कपूरच्या बाबतीत त्याचं नाव, आवाज, चेहरा आणि ते 'झकास'सुद्धा परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला मनाई केली, आणि मी या प्रिंट पुढे विकणारही आहे, फक्त तुझ्या भिंतीपुरत्या नाहीत. दूरदर्शनचं बोधचिन्ह, तो डोळासुद्धा मी जसाच्या तसा घेणार नाही, कितीही मोह झाला तरी. (काय काम आहे ते! देवाशिष भट्टाचार्य नावाच्या, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेच्या विद्यार्थ्याने केलेलं, नुसत्या दोन वक्र रेषा आणि एक गोळा.) पण कायदा बाजूला ठेव, मुळात चेहरा लावून होतं काय? 'चिमणराव' म्हटलं की प्रभावळकर आणि बाळ कर्वे डोळ्यापुढे येतातच, त्यांना परत छापून मी काय वेगळं सांगणार? 'मालगुडी डेज' बघ, सुरुवातीलाच आर. के. लक्ष्मणची रेखाटनं, एकही फोटो न दाखवता अख्खं गाव उभं केलं माणसाने. मला आपण टीव्हीवर काय बघितलं ते काढायचं नाही, टीव्ही आपल्याला कसा दिसला ते काढायचंय.

पहिली प्रिंट कलर बारची. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी ते उभे पट्टे यायचे आणि आपण तेही बघत बसायचो, आठवतं? पांढरा, पिवळा, आकाशी, हिरवा, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, लाल, निळा, काळा. हा क्रम कोणी उगाच लावलेला नाही, सगळ्यात उजळ रंग डावीकडे आणि तिथून पायरी पायरीने काळोखाकडे. दूरदर्शन १९८२ मध्ये रंगीत झालं पण तुमच्या पडवीतला तो शटरवाला सेट काही रंगीत झाला नाही, त्यामुळे आपल्याला दिसली ती फक्त राखाडी पायऱ्यांची रांग. म्हणून ही जोडी असेल, एक रंगीत आणि शेजारी तीच राखाडी, तुमच्या पडवीची.

आणि छपाईत काय गंमत आहे ते ऐक, मी ही जोडी घेतली त्याचं खरं कारण तेच. आठ पट्टे आहेत पण शाया तीनच लागतात. पिवळी शाई एकाआड एक पट्ट्यावर मारायची, दुसरा, चौथा, सहावा, आठवा. आकाशी जोडीने, तिसरा-चौथा आणि सातवा-आठवा. मॅजेंटा सरळ उजव्या अर्ध्या भागावर, पाचव्यापासून आठव्यापर्यंत सलग. बास! पिवळ्यावर आकाशी पडली की हिरवा, पिवळ्यावर मॅजेंटा पडला की लाल, आकाशीवर मॅजेंटा की निळा, तिन्ही एकावर एक की काळा, आणि पहिल्या पट्ट्यावर काहीच नाही, तो कोरा कागदच. शाई मात्र पारदर्शक पाहिजे, नाहीतर वरचा रंग खालच्याला गिळून टाकतो. तीन शायांचा काळा पक्का काळा होत नाही, जरा मातकट राहतो, तो मी तसाच ठेवणार. प्रेसवाला म्हणाला वरून चौथा, काळ्या शाईचा हात मार, मी म्हटलं अजिबात नाही.

दुसरी प्रिंट अँटेनाची. पोफळीच्या खांबावर चढवलेला अँटेना, त्यावर कावळा, खाली एक जण खांब पिळतोय आणि खिडकीतून कोणतरी ओरडतंय "इला, इला... परत गेला!" मागे समुद्र. आणि हे सगळं ठिपक्यांनी काढायचं नाही, आडव्या रेघांनी काढायचं. टीव्हीचं चित्र ६२५ रेघांचं असायचं ना, तसंच, जिथे काळोख तिथे रेघ जाड, जिथे उजेड तिथे बारीक, जवळून बघितलं तर नुसत्या रेघा आणि सोफ्यावरून बघितलं तर कावळा. मे महिन्यात कधी कधी आपल्या पडद्यावर भलत्याच भाषेतला माणूस बोलताना दिसायचा आणि तुझी आजी म्हणायची भुताटकी आहे, ते आठवतं का? उन्हाळ्यात समुद्रावरच्या गार दमट हवेवर कोरडी गरम हवा पसरते, त्या गरम थराखाली टीव्हीच्या लहरी अडकतात आणि एरवी जिथवर जात नाहीत तिथवर पोचतात, पार शेकडो किलोमीटर. म्हणजे तो पाहुणा समुद्रावरून यायचा. त्याला मी पार्श्वभूमीत अर्धवट ठेवलाय, त्याच्या रेघा अर्धी रेघ खाली सरकवून. आजीला दाखवायला हवं होतं राव.

आता गाण्यांचं, इथे मी जरा वाहवत जाणार, चालवून घे. तू म्हणालास परदेशी रॉक बँडसारखं काहीतरी कर, सायकेडेलिक. तर १९६६च्या आसपास सॅन फ्रान्सिस्कोत फिलमोर, अ‍ॅव्हलॉन असे हॉल होते, तिथल्या कार्यक्रमांची पोस्टरं वेस विल्सन, व्हिक्टर मोस्कोसो ही मंडळी करायची. विल्सनची अक्षरं फुगलेली, वितळलेली, फणसाच्या गऱ्यांसारखी एकाला एक चिकटून, मधे बोटभर जागा नाही, आणि त्याची मूळ प्रेरणा म्हणजे व्हिएन्नाचा आल्फ्रेड रोलर, त्याच्याही साठेक वर्षं आधीचा. म्हणजे ज्याला आपण रेट्रो म्हणतो ते लोकसुद्धा रेट्रोच करत होते! मोस्कोसो तर येल विद्यापीठात जोसेफ अल्बर्सच्या हाताखाली रंग शिकलेला, दोन विरुद्ध रंग सारख्याच उजेडाचे घेऊन शेजारी ठेवले की कडा थरथरते हे तो तिथे शिकला आणि मग जिथे तिथे तेच केलं, वाचता आलं नाही तरी चालेल म्हणून.

पण मी हे परदेशी बँडवर का वाया घालवू? आपल्याकडे डबलबारी आहे, भजनाचा सामना! दोन बुवा समोरासमोर, दोन पखवाज, दोन पेट्या, मागे झांजा कुटणारी पोरं, रात्रभर अभंग, गौळण, गजर, आणि मधे मधे एकमेकांना असे चिमटे की मांडव उठून बसतो. ह्याच्याइतकं कल्ट काय असतं रे? त्या कॅसेट तर गावागावात पारायण केल्यासारख्या वाजल्या, आणि चौकात बॅनर लागतो त्यावर बुवांचा पासपोर्ट फोटो, खाली सौजन्य म्हणून अर्ध्या वाडीची नावं. म्हणून माझं तिसरं पोस्टर डबलबारीचं, फिलमोरच्या पद्धतीने. कुठल्या खऱ्या बुवांचं नाव नाही, डावीकडे एक फेटा, उजवीकडे एक फेटा, मधे पखवाज, आणि पखवाजाच्या आत कोंबून बसवलेलं अक्षर. रंग दोनच, शेंदरी आणि निळा, थरथरणारे.

देवनागरीत हे करताना खरी मारामारी शिरोरेषेशी होते. रोमन अक्षर सुटं असतं, कसंही फुगवा. आपलं अक्षर दोरीवर लटकलेलं, वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, आणि रेषा वाकवली की दोन शब्द कुठे तुटतात तेच कळत नाही. मग मी शिरोरेषाच पखवाजाची वादी, म्हणजे चामड्याची दोरी, केली, तीच ताणून गोल फिरवली आणि अक्षरं तिच्या आत लोंबकळत ठेवली. 'डबल' बसलं मस्त. 'बारी'ची दुसरी वेलांटी अजून नीट बसत नाहीये, तिच्यावर रोज रात्री खाडाखोड चालू आहे.

चौथी गोल आहे, एलपीच्या, म्हणजे गाण्याच्या जुन्या तबकडीच्या मधल्या लेबलाच्या जागी सावंतवाडीचा गंजिफा, तो जुना पत्त्यांचा खेळ. दशावतारी गंजिफ्यात १० अवतार, प्रत्येकाची १२ पानं, एकूण १२०, आणि पानं गोलच, त्यामुळे ते लेबलावर असं बसतं की जणू तिथलंच. हिचं एवढंच, आधी होऊ दे.

आता छपाई. कुडाळात लग्नपत्रिका छापणारा माझा एक दोस्त आहे, त्याच्याकडे स्क्रीन प्रिंटिंग करतो, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीदार कापडातून शाई कागदावर दाबायची. कापड सेंटिमीटरला १०० धाग्यांचं असेल तर त्याच्या पाचव्या भागापेक्षा बारीक ठिपका धरायचा नाही, म्हणजे सेंटिमीटरला २० ओळी, आणि ठिपक्यांची ओळ साडेबावीस अंशात तिरकी ठेवायची, नाहीतर धागे आणि ठिपके मिळून भलतीच जाळी उमटते. जाड ठिपका म्हणजे आपल्याला हवाच आहे. अडचण पावसाची आहे. ह्या हवेत कागद पाणी पितो आणि फुगतो, तोही दोन्ही बाजूंनी सारखा नाही, आडवा जास्त. सकाळी पिवळी मारली आणि दुपारी आकाशी मारायला गेलो की रजिस्टर, म्हणजे एका रंगावर दुसरा नेमका बसवायची जुळणी, हललेलं. थोडं हललं तर मला आवडतंच, पण कलर बारमध्ये दोन पट्ट्यांच्या मधे पांढरी फट दिसली की संपलं. तेव्हा गणपतीला येशील तेव्हा तयार मिळतील ही आशा सोड. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की छापतो, दिवाळीला तुझ्या भिंतीवर. गणपतीत फार तर कच्ची ड्रॉइंग बघ आणि तुझी नेहमीची अक्कल शिकव.

पैशाचं म्हणशील तर कागद, शाई आणि दोस्ताची मजुरी एवढं दे. बाकी घावणे-रस. वहिनींना विचारून सांग राखाडी जोडी खरंच चालेल ना, का त्यांना घरात उदास वाटेल, बायकोला न विचारता भिंतीला खिळा मारणारा तू काही एवढा शूर नाहीस.

भिंतीचं माप सेंटिमीटरमध्ये पाठव, फुटात नको. चौकोनी प्रिंट ४२ बाय ५९.४ होतील, गोल वेगळी. फ्रेम तिकडेच कर, काच आणि कागदाच्या मधे फट ठेवायला सांग फ्रेमवाल्याला, चिकटवून दिली की दमट हवेत कागद काचेला धरतो. आणि तुझ्या मामांकडे डबलबारीच्या कॅसेटचा खोका होता तो अजून असेल तर कव्हरांचे फोटो काढून पाठव, उजेडात काढ, फ्लॅश मारू नको.

तुझाच,
बंड्या

ता.क. कावळ्याच्या ऐवजी वहिनींना खंड्या हवा असेल तर तसं सांग, पण अँटेनावर खंड्या बसलेला मी तरी कधी बघितला नाही.