प्रकल्पाच्या वहीत खरी खनिजे यावीत

महोदय,

रोजच्या वस्तू कोणत्या नैसर्गिक संसाधनांपासून बनतात, याचा प्रकल्प शाळांत मुलांना दिला जातो. तो बहुधा इंटरनेटवरची चित्रे चिकटवून (आणि पालकांच्या जागरणाने) कसाबसा उरकला जातो. पेन्सिलीला टोक करताना बोटांना लागणारी काळी भुकटी म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती यांचे भाजलेले मिश्रण, हे मुलांनी स्वतः तपासायला हवे. बडोदेकरांना तर लांब जावे लागत नाही: टूथपेस्टमधील फ्लोराइड ज्या फ्लोरस्पार नावाच्या खनिजापासून मिळते, त्याचे साठे शेजारच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात आंबाडुंगर येथे आहेत, आणि प्लास्टिकच्या कंगव्याचे मूळ असलेल्या खनिज तेलाचे शुद्धीकरण १९६५ पासून बडोद्याजवळच्या कोयलीत होते. शाळांनी तक्त्याच्या सजावटीचे गुण कमी करून अशा शोधाला द्यावेत.

एक पालक, बडोदे