रेखाटलेल्या माणसांचा रिअॅलिटी शो

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तू आता एका रिअॅलिटी शोच्या एडिट टेबलावर बसतोस हे वाचल्यापासून तुला ‘ड्रॉन टुगेदर’ या अमेरिकन मालिकेविषयी लिहायचे मनात होते. डेव्ह जेसर आणि मॅट सिल्व्हरस्टीन यांची ही अॅनिमेटेड मालिका कॉमेडी सेंट्रल वाहिनीवर २७ ऑक्टोबर २००४ रोजी सुरू झाली आणि तीन पर्वांनंतर नोव्हेंबर २००७ मध्ये थांबली. ती केवळ प्रौढांसाठी आहे, तेव्हा घरातली मुले झोपल्यावरच पाहा.

एका घरात आठ जण राहतात आणि कॅमेरे अखंड चालू असतात. हे आठही जण वेगवेगळ्या जातकुळीच्या कार्टूनमधून आलेले आहेत आणि प्रत्येकाने आपली चित्रशैली सोबत आणली आहे. टूट ही जुन्या कृष्णधवल कार्टूनमधली नायिका रंगीत घरातही कृष्णधवलच राहते. क्लारा परीकथेतली राजकन्या, कॅप्टन हिरो कॉमिक्समधला महाबली, झांडिर व्हिडिओ गेममधला योद्धा, तर स्पँकी हे इंटरनेटवरच्या फ्लॅश कार्टूनमधले डुक्कर. टूट आणि क्लारा दिसायला दोन टोकांच्या, पण दोघींचा आवाज टारा स्ट्राँग या एकाच अभिनेत्रीचा आहे, हे ऐकताना मुळीच जाणवत नाही.

या मांडणीत मला खरी बुद्धिमत्ता दिसते. रिअॅलिटी शोसाठी माणसे निवडली जातात ती साच्यांनुसार: एक भांडखोर, एक भोळी, एक देखणा, एक गावाकडून आलेला. संकलनात त्या साच्याबाहेरचे वागणे गळून पडते आणि साच्यात बसणारे तेवढे उरते. कार्टूनमधले पात्र तर जन्मतःच साचा असते. त्यामुळे ही आठ पात्रे कन्फेशन रूममध्ये बसून कॅमेऱ्याला आपले ‘खरे’ मन सांगू लागतात, तेव्हा त्या खोलीतले खरेपण कोणीतरी रेघ ओढून तयार केलेले असते, हे निराळे सांगावे लागत नाही. वेगवेगळ्या वेळच्या वाक्यांचे तुकडे जोडून न बोललेले वाक्य तयार करण्याची जी युक्ती तुमच्या व्यवसायात फ्रँकनबाइट म्हणून ओळखली जाते, तिच्यावर एखादा लेख वाचून जेवढे कळेल, त्याहून अधिक या मालिकेच्या पहिल्याच भागात कळते.

त्या भागात राजवाड्याबाहेरचे जग न पाहिलेली क्लारा त्याच घरात राहणाऱ्या कृष्णवर्णीय फॉक्सीला नोकर समजते, दोघींचे कडाक्याचे भांडण होते आणि त्याचा शेवट गरम पाण्याच्या टबातल्या चुंबनात होतो. मला येथे एमटीव्हीच्या ‘द रिअल वर्ल्ड’ची आठवण होते. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका घरात सात अनोळखी तरुणांना ठेवून तो कार्यक्रम सुरू झाला, आणि पहिल्याच भागात अलाबामाहून आलेल्या गोऱ्या मुलीने कृष्णवर्णीय रॅप गायिकेचा पेजर वाजलेला ऐकून ‘तू अमली पदार्थ विकतेस का’ असे विचारले होते. वंशभेदासारखी जखम घरातल्या भांडणाएवढी लहान करायची आणि भाग संपण्याआधी ती भरून आल्याचे दाखवायचे, ही त्या प्रकारच्या कार्यक्रमांची रीत विडंबनकारांनी अचूक पकडली आहे.

मात्र सगळीच मालिका मला मान्य नाही. लिंग-लिंग या आशियाई पात्राच्या तोंडी जपानीचा भास देणारे निरर्थक आवाज घातले आहेत, आणि तेथे साच्याची चिकित्सा होत नाही, तोच साचा पुन्हा हसण्यासाठी वापरला जातो. पुढच्या पर्वांत रिअॅलिटी शोची चौकट सैल होत जाते, कन्फेशन रूम नावापुरती उरते आणि केवळ धक्का देण्यासाठी रचलेले प्रसंग वाढतात. धक्क्याची सवय फार लवकर होते, म्हणून मला हे नुकसान मोठे वाटते. २०१० मध्ये थेट डीव्हीडीवर आलेल्या चित्रपटात मूळ कल्पनेची धार पुन्हा दिसते: आपल्या शिव्यांवर आता बीप वाजत नाही हे फॉक्सीच्या लक्षात येते, आणि त्यावरून आपला कार्यक्रम बंद पडल्याचे तिला कळते.

आपल्याकडे २०१८ पासून ‘बिग बॉस मराठी’ घरोघरी पाहिला जातो आणि त्यातल्या स्पर्धकांविषयी लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांइतक्या खात्रीने बोलतात. म्हणूनच तुझ्या जागी बसलेल्या माणसाने ही मालिका पाहावी, असे मला मनापासून वाटते. पहिला भाग पाहिलास की सविस्तर लिही. कन्फेशन रूममधले बोलणे तुमच्याकडे प्रसंगानंतर किती वेळाने चित्रित होते, समोर बसून प्रश्न कोण विचारतो आणि ते प्रश्न कापण्याचा निर्णय कोणाचा असतो, हे मला तुझ्याकडूनच समजून घ्यायचे आहे.

तुझा स्नेहांकित,
माधव