सईच्या चौकटीच्या वहीबद्दल

शांघाय

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, गेल्या रविवारी फोनवर सईच्या चिनी लिखाणाच्या वहीबद्दल तुम्ही म्हणालात, "एकच अक्षर ओळभर गिरवून घेतात, ही काय शिकवायची रीत झाली? आता सगळं मोबाईलवर टाइप करता येतं." सई शेजारीच बसली होती म्हणून मी तेव्हा बोलले नाही. पण तिचा अभ्यास घेता घेता मी या विषयावर बरंच वाचलंय आणि तो मनाला फार लागून राहिलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आपण मराठी वाचायला शिकलो ते उच्चाराच्या बळावर. बाराखडी एकदा बसली की कधी न पाहिलेला शब्दही वाचता येतो, अर्थ कळो न कळो. चिनी शिकताना सईला ती सोय नाही. अक्षर ओळखीचं नसेल तर ती तिथेच अडते. सहावीपर्यंत सुमारे 3000 अक्षरं ओळखता यावीत आणि 2500 लिहिता यावीत, अशी इथल्या अभ्यासक्रमाची अपेक्षा आहे. त्यातली 1600 तर पहिली-दुसरीतच ओळखायची. आई, आकडा वाचून घाबरू नकोस. ही 3000 वेगवेगळी चित्रं नाहीत. बहुतेक अक्षरांचे दोन भाग असतात. एक भाग अर्थाचा अंदाज देतो, दुसरा उच्चाराचा.

पहिलीच्या पुस्तकात छोट्या बेडकाचा एक धडा आहे, तो मला फार आवडतो. त्यात 'छिंग' असा उच्चार सुचवणारा एकच भाग पुन्हा पुन्हा येतो. त्याला पाण्याची खूण जोडली की स्वच्छ, सूर्याची जोडली की निरभ्र, बोलण्याची जोडली की विनंती, हृदयाची जोडली की भावना. उच्चार सगळीकडे 'छिंग', फक्त सूर, म्हणजे आवाजाचा चढउतार, बदलतो. डोळ्याची खूण जोडली की मात्र तो 'जिंग' होतो. म्हणजे उच्चाराच्या भागावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, पण त्याच्याकडे दुर्लक्ष करूनही चालत नाही. वाचायला लागलेली मुलं हे हळूहळू आपलं आपण हेरतात. सई आता नवं अक्षर दिसलं की आधी त्याची फोड करते, मग विचारते.

आता मेंदूचं. डाव्या बाजूला, मेंदूच्या तळाशी मागच्या भागात अक्षरं ओळखणारा एक छोटा पट्टा आहे. फ्रेंच संशोधक स्तानिस्लास देहान यांचं म्हणणं असं, की लिपी ही माणसाच्या इतिहासात इतकी अलीकडची गोष्ट आहे की तिच्यासाठी मेंदूत जन्मतः जागा असणं शक्यच नाही. वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागातलाच काही भाग मूल वाचायला शिकताना अक्षरांच्या कामाला लागतो. लिपी कुठलीही असो, हा पट्टा साधारण त्याच जागी सापडतो. चिनी वाचताना मात्र उजव्या बाजूचा दृष्टीचा भागही जास्त हातभार लावतो, आणि डाव्या कपाळामागचा एक भागही कामात येतो. हाँगकाँग विद्यापीठातल्या ली-हाई थान यांच्या गटाने 2004 मध्ये दाखवलं, की वाचनात अडखळणाऱ्या चिनी मुलांमध्ये नेमका हा कपाळामागचा भाग कमी काम करतो. नंतरच्या एका अभ्यासात चिनी आणि इंग्रजी वाचणाऱ्या अशा मुलांमध्ये फरकापेक्षा साम्यच जास्त दिसलं, त्यामुळे हा वाद अजून मिटलेला नाही.

पण बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच गटाच्या त्यापुढच्या वर्षीच्या अभ्यासात आहे. 2005 मध्ये याच गटाने बीजिंगमधल्या प्राथमिक शाळेतली मुलं तपासली. चिनी वाचनाचा संबंध उच्चारांच्या जाणिवेपेक्षा हाताने लिहिण्याशी कितीतरी घट्ट निघाला. सईच्या वहीतल्या प्रत्येक चौकटीत एक उभी आणि एक आडवी रेघ असते, कुठला भाग कुठे बसतो ते कळावं म्हणून. वर्गात मुलं बोट हवेत फिरवत रेघांची नावं म्हणतात: हंग, शू, फिये, ना. आडवी, उभी, डावीकडे उतरणारी, उजवीकडे उतरणारी. लिहिताना अक्षराची फोड हातानेच होते. टाइप करताना रोमन अक्षरांत उच्चार द्यायचा आणि समोर आलेल्या यादीतून एक निवडायचं, एवढंच असतं. अक्षर जुळवावं लागतच नाही. 2013 मध्ये बीजिंग, ग्वांगझू आणि जिनिंग इथल्या तिसरी ते पाचवीच्या हजारो मुलांच्या पाहणीत, असं टाइप करण्यात जास्त वेळ जाणाऱ्या मुलांचं वाचन कच्चं आढळलं. यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे त्या पाहणीवरून ठरत नाही, हे मला मान्य आहे. तरीही सई शिकते आहे तोवर तिच्या हातातली पेन्सिल मी काढून घेणार नाही.

एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे. ओळभर यांत्रिकपणे गिरवण्यात लक्ष राहत नाही. म्हणून घरी मी तिला दोनदा बघून लिहायला लावते, मग अक्षर झाकून आठवून. ती हे आनंदाने करते.

पुढचा टप्पा शब्दांचा. बहुतेक शब्द दोन अक्षरांचे असतात आणि दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. कुठे तोडायचं ते मुलांनीच ठरवायचं. आग आणि गाडी शेजारी आली की आगगाडी, वीज आणि बोलणं आलं की टेलिफोन. ज्या मुलांना अशी जोडणी लवकर उमगते ती वाचनातही पुढे असतात, म्हणून आम्ही जेवताना असे शब्द जुळवण्याचा खेळ खेळतो.

आई, तुझी काळजी वेगळी आहे, हे मला ठाऊक आहे. या सगळ्यात तिची मराठी मागे पडेल, असं तुला वाटतं. 2017 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यातल्या बहुतेक बायकांना, सहा महिने देवनागरी शिकवली. तेवढ्यात त्यांच्या मेंदूतल्या दृष्टीच्या वाटांमध्ये बदल दिसले, अगदी खोलवरच्या भागांपर्यंत. तिशीतल्या बाईला जमतं ते सात वर्षांच्या मुलीला दुसऱ्या लिपीबरोबरही जमेल. फक्त तिला वाचायला काहीतरी सतत मिळायला हवं, आणि ते तुझ्या हातचं असलं तर ती जास्त आवडीने वाचेल. तू पोस्टकार्ड पाठव, मोठ्या अक्षरात, दोन-तीनच ओळी.

बाबा, येत्या रविवारी तिला एक अक्षर लिहून दाखवायला सांगा आणि तिच्याबरोबर तुम्हीही बोट हवेत फिरवा. दिवाळीत याल तेव्हा दुरेघी वह्या घेऊन या, इथे मिळत नाहीत. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
मनू