बाबा, सुई लागली म्हणजे संपलं नाही

आई, बाबा,

डॉक्टरांनी बाबांच्या डायबेटिससाठी इन्शुलिनचं इंजेक्शन सुरू केलं, त्यावर काल बाबा एवढंच म्हणाले, "सुई लागली म्हणजे संपलंच की आता," आणि फोन आईकडे दिला. रात्रभर तेच डोक्यात होतं म्हणून लिहितेय.

बाबा, इन्शुलिन बाहेरचं काही नाही हो, आपलं स्वादुपिंड जन्मापासून तेच बनवतं. इवलंसं प्रोटीन, अमिनो आम्लं फक्त ५१, एक साखळी २१ ची आणि एक ३० ची. ते रक्तातून फिरत पेशीवरच्या रिसेप्टर नावाच्या मोठ्या प्रोटीनवर जाऊन बसतं, पेशीच्या आत न जाताच काम होतं. जुन्या घरी तुम्ही बाहेरून कडी वाजवायचात आणि आजी आतून आडणा काढायची ना, अगदी तसं, निरोप आत पोचला की स्नायूंच्या पेशींत आत ठेवलेली साखरेची दारं वर येतात आणि रक्तातली साखर आत जाते. पुढे आजीला ऐकू येईना तेव्हा तुम्ही तीनतीनदा जोरात वाजवायचात, तुमच्या शरीरात इतकी वर्षं तेच चाललंय, कडी वाजवून वाजवून स्वादुपिंड दमलं म्हणून आता बाहेरून मदत. यात तुमचं काहीही चुकलेलं नाही.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला हे पहिल्यांदा दिलं, मरायला टेकलेला पोरगा सावरला. त्याआधी डायबेटिस झालेल्या अशा पोरांना जवळपास उपाशी ठेवायचे, दुसरा इलाजच नव्हता.

आणि गोळी का नाही विचारत होतात, तर प्रोटीन आहे ना, डाळीतल्या प्रोटीनसारखं पोटात पचूनच जाईल.

आई, तू इन्शुलिनचं पेन गॅसशेजारच्या फळीवर ठेवलंयस ते आजच उचल गं. आपल्या सोलापूरचा उन्हाळा, त्यात स्वयंपाकघर, उष्णतेनं प्रोटीनची घडी मोडते आणि नासलेलं दूध जसं परत दूध होत नाही तसंच याचं. न उघडलेली पेनं फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात अजिबात नको. आणि इंजेक्शन घेऊन बाबांना जेवायला उशीर करू देऊ नकोस, हातपाय थरथरले, घाम फुटला तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून दे, मला फोन नंतर.

बाबा, तलावावरचं फिरणं सोडू नका, चालताना स्नायू इन्शुलिनशिवायही ती दारं वर आणतात, खरंच.

शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसनं येतेय, रात्र होईल, जेवायला थांबू नका. रविवारचं इंजेक्शन मी देते, मग तलावावर जाऊ.

तुमची,
ताई