एसटीवाल्या काका, थँक्यू (पाना अजून माझ्याकडेच आहे)

काका, नमस्कार.

हे तुम्ही स्वतः वाचणार नाही ते मला माहितीये, तुमचा फोन फक्त उचलायला आणि ठेवायला आहे, पण तुमच्या नातवाने वाचून दाखवायचं कबूल केलंय. तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "हां हां, चहा झाला का" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता बदला विषय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. मागच्या मे महिन्यात मी गिअरची बाईक घेतली. वय 36, त्याआधी बारा वर्षं स्कूटर, वर्तकनगर ते महापे रोजचं ऑफिस, कळवा-विटावा-ऐरोलीवरून, जाऊन-येऊन तीस-पस्तीस किलोमीटर. घरी "या वयात बुलेट कशाला?" झालंच (दीडशे सीसीची साधी गाडी आहे हो, पण आमच्याकडे स्कूटर नसलेली प्रत्येक गाडी बुलेटच असते). काका आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायचे, अख्खी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढून रिटायर झालेले, आणि गेल्या महिन्यात गावाला चिपळूणकडे राहायला गेले. जाताना मी ऑफिसात होते. नीट भेट पण नाही झाली.

सुरुवात हवेपासून झाली. पेट्रोल पंपावर पोराने विचारलं किती भरू, मी म्हटलं भर की फुल, त्याने दोन्ही चाकात 40 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) भरली आणि मी माजिवड्याच्या पुलावरून चेंडूसारखी उडत घरी आले. तुम्ही ओट्यावर बसला होतात, म्हणालात "स्टिकर वाचलास का?" कुठला स्टिकर? चेनच्या बाजूला चिकटवलेला असतो आणि त्यावर सगळं लिहिलेलं असतं हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या गाडीला पुढे 25, मागे एकटी असेन तर 28, कोणी मागे बसणार असेल तर 32. आणि ती पण सकाळी गाडी काढायच्या आधी, टायर थंड असताना बघायची, कारण ऑफिसातून आल्यावर टायर तापलेला असतो, आकडा जास्त दाखवतो, मग माणूस हवा कमी करतो आणि सकाळी टायर बसलेला. मी अंगठ्याने दाबून बघत होते तर म्हणालात "अंगठ्याला पीएसआय कळत नाही." दुसऱ्याच दिवशी हवा मोजायचा गेज आणला.

पण मला खरं म्हणजे हे सांगायचंय की तुम्ही त्या दिवशी हात मागे बांधून उभे होतात, आणि नंतर वर्षभर तसेच उभे राहिलात. ही काय मोठी गोष्ट आहे असं वाटेल कुणाला. पण मी गाडीजवळ काही हातात घेतलं की लगेच कोणीतरी ते काढून घेतं. भाऊ "दे इकडे, तुला जमायचं नाही", शोरूमचा पोरगा "मॅडम तुम्ही बसा ना एसीत", वॉचमन पण! सगळे मदतच करतात, वाईट कोणीच नाही, पण बारा वर्षं स्कूटर चालवून मला तिचं ऑइल कुठून घालतात हे माहीत नव्हतं ते ह्या मदतीमुळेच. तुम्हाला हात लावायचा मोह होत होता हे मला दिसायचं हो, बोटं चुळबुळ करायची मागे, पण माझ्या हातातला पाना तुम्ही एकदाही घेतला नाहीत.

ऑइलचं आठवतं? नवी गाडी, महिनापण झाला नव्हता, मी इंजिनमधलं ऑइल मोजायची पट्टी काढून बघितली तर टोकाला जेमतेम ऑइल. घाबरून दुकानात जायला निघाले, अर्धा लिटर आणून ओतणार होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "गाडी उभी कर आधी." गाडी साइड स्टँडवर डावीकडे कललेली, पट्टी उजवीकडे, मग दिसणार कसं ऑइल? मेन स्टँडवर घेतली, दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद केली, परत दोन-तीन मिनिटं थांबले, पट्टी पुसून नुसती आत टेकवली, आटे न फिरवता (माझ्या मॉडेलला असंच आहे, मॅन्युअलमध्ये चित्र आहे, ज्याने त्याने आपलं बघा), तर बरोब्बर दोन खुणांच्या मधोमध. ओतलं असतं तर जास्तीचं ऑइल श्वासाच्या नळीतून एअर फिल्टरपर्यंत गेलं असतं हे नंतर कळलं. आणि त्याच आठवड्यात भावाने त्याच्या कारचं उरलेलं ऑइल आणून दिलं, महागातलं आहे म्हणे, ते तुम्ही तसंच परत पाठवलंत. बाईकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारच्या ऑइलमध्ये घसरण वाढवणारी द्रव्यं असू शकतात, ती क्लच प्लेटला लागली की गाडी नुसती ओरडते, पळत नाही. डब्यावर जासो एमए किंवा एमए टू (अशा ऑइलातल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघून घ्यायचं, आणि जाडी, म्हणजे 10डब्ल्यू-30 की 20डब्ल्यू-40 की अजून काही, ती मॅन्युअल सांगेल ती, दुकानदार सांगेल ती नाही.

रनिंग-इनबद्दल, म्हणजे नवं इंजिन रुळेपर्यंत जपून चालवण्याबद्दल, मी फार टेन्शन घेतलं होतं. पहिले हजार किलोमीटर इंजिन ताणायचं नाही, एकाच स्पीडला धरून ठेवायची नाही, जास्त गिअरमध्ये कमी स्पीडला कुंथवायची नाही. तुम्ही हसलात. "घोडबंदर रोडला ताणायला जागा कुठाय, एकाच स्पीडला तरी कुठे जातेस?" खरंय, मेट्रोच्या कामाने माझं रनिंग-इन आपोआप करून दिलं. पहिली सर्विस मात्र टाळू दिली नाहीत, 500 ते 750 किलोमीटर किंवा 30 ते 45 दिवस, जे आधी होईल ते, आणि काढलेलं ऑइल उन्हात धरून बघायला सांगितलंत. चांदीच्या वर्खासारखं चमकत होतं. नवीन पार्ट एकमेकांवर घासून सुटलेला बारीक कीस असतो तो, आणि म्हणूनच पहिलं ऑइल लवकर बदलतात. हे शोरूममध्ये मला कोणी सांगितलं नव्हतं, तिथे सगळा वेळ टेफ्लॉन कोटिंग घ्या म्हणून मागे लागण्यात गेला.

मग पाऊस. विटाव्याच्या पुलाखाली पाणी साचलं की मी आधी पुढच्याच्या मागून बिनधास्त घालायचे. तुम्ही म्हणालात की कळव्यातच थांब, वडापाव खा. आणि गेलीसच, गाडी पाण्यात बंद पडलीच, तर परत सेल मारायचा नाही, ढकलत बाहेर काढायची, कारण आत पाणी गेलेलं असताना इंजिन फिरवलं तर पाणी काही दबत नाही, पिस्टनचा रॉड वाकतो. नंतर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर समजायचं पाणी मिसळलंय. ती वेळ आली नाही, वडापाव मात्र भरपूर झाले.

पावसानेच चेनचा विषय काढला. खर्र खर्र आवाज यायला लागला आणि मी पेट्रोल घेऊन धुवायला बसले. तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. एक तर पेट्रोलने चेनमधल्या रबरी रिंगा खराब होतात, दुसरं म्हणजे चाक फिरवायला मी इंजिन चालू करून गिअर टाकला होता! तुम्ही चावी काढून घेतलीत आणि खिशात टाकलीत, "चेनचं काम चालू असेस्तोवर चावी माझ्याकडे. बोटं मोजून ठेवलीस का?" तेव्हापासून नियमच आहे माझा, आधी चावी बाजूला, मग मेन स्टँड, मग हाताने चाक फिरवत डिझेल किंवा चेन क्लीनर आणि जुना ब्रश, कोरडी पुसायची, मग आतल्या बाजूने लूब, म्हणजे चेनचं वंगण. ऑफिसातून आल्यावर चेन कोमट असते तेव्हा लावायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी निघताना लावलं की सगळं मागच्या चाकावर उडतं. दर पाचेकशे किलोमीटरला, म्हणजे माझ्या हिशोबाने अडीच-तीन आठवड्यांनी. पावसात त्याच्याही आधी.

चेन आवळायला तुम्ही तुमचा 19 नंबरचा रिंग पाना दिलात. मी आवळली ती अशी की तंबोऱ्याची तार. तुम्ही काहीच बोलला नाहीत, जाऊन सीटवर बसलात आणि म्हणालात "आता बघ हात लावून." मागचा भाग खाली बसल्यावर चेन अजून ताणली जाते हे असं समजलं मला, पुस्तकात वाचून नसतं समजलं. स्टिकरवर 20 ते 30 मिलिमीटर ढिलाई लिहिली होती, मुलाच्या कंपास पेटीतली पट्टी आणून मोजली, दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या केल्या, चार वेळा चुकलं, तुम्ही चार वेळा सीटवर बसलात. गुडघेदुखी असताना.

आणि नेलपॉलिश! नोव्हेंबरच्या सर्विसच्या आदल्या दिवशी तुम्ही मला विचारलंत "ते नखांना लावायचं आहे का तुझ्याकडे?" मला वाटलं नातीला हवंय. तर ऑइलच्या ड्रेन बोल्टवर (जुनं ऑइल काढायला खालून उघडतात तो) आणि त्याच्या बाजूला मिळून एक रेघ मारायला लावलीत, बोल्ट फिरला की रेघ तुटते. संध्याकाळी बिल हातात, लेबर फ्री पण नवीन ऑइलचे पैसे लावलेले, आणि खाली वाकून बघितलं तर रेघ जशीच्या तशी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत की ओरडायचं नाही, फक्त दाखवायचं. दाखवलं. सर्विस सेंटरवाल्याने बोल्टकडे बघितलं, माझ्या नखांकडे बघितलं (तोच रंग होता), आणि गाडी परत रॅम्पवर घेतली. माझ्यासमोर ऑइल बदललं. इतकी भारी संध्याकाळ माझी बऱ्याच दिवसांत गेली नव्हती.

बाकी बारीकसारीक खूप आहे. इन्शुरन्स पाच वर्षांचा आहे म्हणून मी निवांत होते, तो फक्त थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, पाच वर्षांचा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एकच वर्षाचा होता, तो संपायच्या आठवडाभर आधी तुम्ही आठवण केलीत. वर्ष झाल्यावर पीयूसी. ब्रेकच्या डिस्कवर कधी लूबचा फवारा उडू द्यायचा नाही. सगळं लिहीत बसले तर नातू कंटाळेल.

एक विचारायचं राहिलंय, तुम्ही गेल्यावर लक्षात आलं. मागचा ब्रेक दाबला की ड्रमवरचा बाण (लायनर किती झिजलेत ते दाखवणारा) आता खुणेच्या अगदी जवळ जातो. म्हणजे लायनर आत्ताच बदलायचे की पावसाच्या आधी बदलले तरी चालतील? गाडी 9,400 किलोमीटर झालीये. गणपतीला मी चिपळूणला यायचं म्हणतेय, गाडीवर नाही, घाबरू नका, ट्रेनने. पण ब्रेकचं त्याआधीच फोनवर सांगा, चाक मीच उघडते, तुमचा पाना आहेच इथे. काकूंना नमस्कार.