कंट्रोलर घेताना बटणं मोजू नका, हात काय मागतोय ते बघा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पुरवणीत घरच्या घरी म्युझिक प्रॉडक्शन करण्यावर जो लेख आला होता तो मी दोनदा वाचला. हा विषय घेतलात त्याबद्दल आधी मनापासून आभार, कारण मराठीत यावर सहसा कोणी लिहीत नाही. पण स्वस्तातला कंट्रोलर, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून संगीत वाजवायचा कीबोर्ड, कुठला घ्यावा या भागात काय होतं, तर पाच मॉडेलची नावं आणि प्रत्येकापुढे किती पट्ट्या, किती पॅड (बोटांनी ठोके वाजवायचे चौकोन), किती नॉब (फिरवायची बटणं), बस. माझ्या भाच्याने ते वाचलं आणि त्याच रात्री मला मेसेज टाकला की मामा, सगळ्यात जास्त बटणं याच्यावर आहेत, मग हाच घेऊ ना. म्हणून हे पत्र लिहितोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी स्वतः पहिला कंट्रोलर घेताना हेच केलं होतं. ६१ पट्ट्या, १६ पॅड, ९ फेडर (वरखाली सरकवायची बटणं), वर नॉबची रांग, म्हटलं एकदाच घेऊ आणि मोकळे होऊ. घरी आणल्यावर कळलं की तो टेबलावर मावतच नाही. मॉनिटर हलवा, कीबोर्ड उचलून ठेवा, मग कपाटावरून तो काढा, वायर लावा, एवढं सगळं करेपर्यंत डोक्यात आलेली चाल निम्मी विसरायला व्हायची. दिवसभराच्या कामानंतर रात्री जो तासभर मिळतो त्यातली वीस मिनिटं मांडामांडीत गेली की माणूस हळूहळू बसायचंच सोडतो, आणि माझं तेच झालं. त्यातून त्या फेडरना काय काम द्यायचं हे ठरवायचं कंपनीचं एक सॉफ्टवेअर होतं, ते कॉम्प्युटर अपडेट केल्यावर उघडेचना, कंपनीला दोनदा ईमेल केला तर आता त्या मॉडेलला सपोर्ट नाही असं उत्तर आलं. शेवटी तो विकला आणि २५ पट्ट्यांचा साधा छोटा घेतला जो मॉनिटरच्या पुढ्यात कायम लावलेलाच असतो. त्यानंतरच्या सहा महिन्यांत जेवढ्या चाली पूर्ण झाल्या तेवढ्या आधीच्या दोन वर्षांत झाल्या नव्हत्या.

तर पहिली गोष्ट, जी तुमच्या लेखात यायला हवी होती, ती म्हणजे कंट्रोलरला स्वतःचा आवाज नसतो. बरेच नवीन लोक इथेच फसतात, त्यांना वाटतं महागडा कंट्रोलर म्हणजे चांगला पियानो वाजणार. तसं काही नाही. पट्टी दाबली की तो फक्त निरोप पाठवतो, अमुक सूर, इतक्या जोरात दाबला, आता सोडला. आवाज काढायचं काम कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअरचं. आणि हा निरोप ज्या भाषेत जातो ती मिडी १९८३ सालची आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट ६०० आणि रोलँडचा ज्युपिटर ६ असे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) एकाच वायरने जोडून दाखवले होते, डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांनी त्यासाठी जो पुढाकार घेतला त्याबद्दल त्यांना २०१३ साली टेक्निकल ग्रॅमी मिळालं. हे सांगायचं कारण एवढंच की आज स्वस्तातला स्वस्त कंट्रोलरही तीच भाषा बोलतो आणि महागडाही. म्हणजे घरात एखादा जुना कीबोर्ड पडला असेल आणि त्याच्या मागे मिडी आउट लिहिलेलं गोल पाच पिनांचं सॉकेट असेल तर एक छोटा यूएसबी मिडी इंटरफेस लावून तोच कंट्रोलर म्हणून चालतो, नवीन काही घ्यायची गरजच नाही. हे मी किती जणांना सांगितलं असेल, आणि दरवेळी समोरचा आधी विश्वासच ठेवत नाही.

मग पैसे कशाचे द्यायचे? माझ्या मते पट्ट्यांचे, म्हणजे पट्ट्या किती आहेत त्याचे नाही, कशा आहेत त्याचे. पट्टी किती जोरात दाबली हे मिडीमध्ये १ ते १२७ अशा आकड्यात जातं, त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. आता कुठलाही कंट्रोलर हाताखाली आला की एक करून बघा, सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड लावा आणि एकच पट्टी अगदी हळू दाबायला सुरुवात करून दहा वेळा थोडं थोडं जोर वाढवत दाबा, मग ते आकडे बघा. चांगल्या पट्टीवर ते २०, ३२, ४५ असे पायऱ्यांसारखे चढत जातात. वाईट पट्टीवर पहिले तीन वाजतच नाहीत आणि चौथा थेट ९० वर जातो. अशा पट्टीवर हळुवार काही वाजवताच येत नाही, आणि मग आपल्याला वाटतं आपलाच हात बसला नाही अजून, आपल्यालाच जमत नाही. किती जणांनी एवढ्यावरून नाद सोडला असेल याचा विचार केला की खरंच वाईट वाटतं. काळ्या पट्टीवर आणि अगदी टोकाच्या पट्टीवरही हीच टेस्ट करा कारण तिथे फरक जास्त कळतो. बऱ्याच मॉडेलमध्ये व्हेलॉसिटी कर्व्हचं, म्हणजे किती जोराला किती आकडा जावा याचं सेटिंग असतं, त्याने थोडंफार सुधारतं, पण मुळात जी पट्टी हळू दाबलेलं ओळखतच नाही तिला सेटिंग काय करणार.

पट्टीची रुंदी हा दुसरा प्रश्न. मिनी कीज म्हणजे नेहमीपेक्षा अरुंद पट्ट्या, अकाई एमपीके मिनी, आर्टुरिया मिनिलॅब, नोव्हेशन लाँचकी मिनी हे सगळे तसेच आहेत. ज्याला पियानो वाजवायचा सराव आहे त्याची बोटं तिथे चुकतात, शेजारची पट्टी लागते. पण ज्याने कधी वाजवलंच नाही आणि ज्याला एका हाताने बेसलाइन नाहीतर छोटी मेलडी टाकायचीय त्याला दोन सप्तकं पुरतात, ऑक्टेव्हचं बटण दाबून वरखाली जाता येतं. दोन्ही हातांनी वाजवायचं असेल तर मात्र ४९ फुल साइझ पट्ट्यांच्या खाली उतरू नका, मग त्यावर एकही पॅड नसला तरी चालेल. एम ऑडिओचा कीस्टेशन ४९ घ्या, त्यावर पट्ट्या, दोन व्हील, एक स्लायडर आणि थोडी बटणं एवढंच आहे, दिसायला काहीच नाही, पण पियानो शिकलेल्या माणसाला तो जास्त कामाचा.

पॅडचं म्हणाल तर चार बाय चार अशी १६ पॅडची मांडणी अकाईच्या एमपीसी ६० या बीट बनवायच्या यंत्रामुळे रूढ झाली, १९८८ साली, रॉजर लिनने डिझाइन केलेली. बोटांनी बीट वाजवणाऱ्या माणसाला ती मांडणी हवीच असते. छोट्या कीबोर्डवर आठच पॅड बसवलेले असतात, बँक, म्हणजे पॅडचा संच, बदलून ते १६ होतात पण वाजवता वाजवता बँक कोण बदलणार. म्हणून जो मुख्यतः बीट बनवतो त्याने कीबोर्डच्या नादी न लागता सरळ पॅडवालाच घ्यावा, आणि जो बीट माउसने एकेक ठोका टाकून बनवतो त्याने पॅडसाठी एक पैसाही जास्त मोजू नये.

नॉबबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण हे कुठल्याच यादीत येत नाही. नॉब दोन प्रकारचे. एक साधा, जो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच फिरतो, दुसरा एन्कोडर, जो गोल गोल कितीही फिरतो. साध्याचा त्रास काय होतो ते सांगतो. एका गाण्यात मी फिल्टर (आवाजाचा तीक्ष्णपणा कमीजास्त करणारा) जवळजवळ पूर्ण उघडा ठेवला होता, मग दुसरं गाणं उघडलं, त्यात तोच नॉब बंद करून ठेवला, दुसऱ्या दिवशी परत पहिलं गाणं लावलं. स्क्रीनवर फिल्टर उघडा दिसतोय पण हाताखालचा नॉब खाली पडलेला, मी नुसता केसभर हलवला आणि सगळं गाणं एकदम पाण्याखाली गेल्यासारखं झालं. रेकॉर्डिंग चालू होतं, चांगला टेक गेला. यावर उपाय आहे, त्याला पिकअप मोड नाहीतर सॉफ्ट टेकओव्हर म्हणतात, म्हणजे नॉब स्क्रीनवरच्या जागेपर्यंत पोचेपर्यंत काही होतच नाही, पण तो सगळीकडे नसतो, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे का ते आधी बघा. एन्कोडर असेल आणि सॉफ्टवेअरने तो नीट ओळखला तर हा प्रश्नच येत नाही. आठ एन्कोडर हे सोळा साध्या नॉबपेक्षा कधीही बरे असं माझं स्पष्ट मत आहे.

फेडर फक्त मिक्सिंगला. आणि ते पाहिजेच असतील तर कोर्ग नॅनोकंट्रोल २ सारखा वेगळा छोटा घेता येतो, त्यावर ८ फेडर आणि ८ नॉब आहेत, पट्टी एकही नाही, तो पुढे कधीतरी घ्या. एकाच खोक्यात सगळं कोंबायचा अट्टहास कशाला.

आता एक मोठा गैरसमज. पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो म्हणून कंट्रोलर बदलणारे लोक मी पाहिलेत. मिडीचा वेग जुन्या पाच पिनांच्या वायरवर सेकंदाला ३१,२५० बिट, त्या वेगानेही एका सुराचा निरोप साधारण १ मिलिसेकंदात पोचतो. उशीर होतो तो ऑडिओच्या बफरमुळे, म्हणजे कॉम्प्युटर आवाज बाहेर सोडण्याआधी त्याचा जो छोटा साठा करतो त्यामुळे. ४४,१०० सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे इतके नमुने) बफर ५१२ नमुन्यांचा असेल तर एकट्या बफरमुळे सुमारे ११.६ मिलिसेकंद जातात, तोच १२८ केला तर २.९. त्याशिवाय ड्रायव्हरचा वेळ वेगळा. विंडोजवर साध्या ड्रायव्हरऐवजी आसिओ (ASIO) हा ऑडिओसाठीचा जलद ड्रायव्हर लावला आणि बफर कमी केला की बहुतेक वेळा तोच कंट्रोलर एकदम चपळ वाटायला लागतो, पैसे न घालता. बफर फार कमी केला तर आवाजात तडतड होते, मग एक पायरी वर जायचं.

सस्टेन पेडलचीही, म्हणजे पायाने दाबून सूर लांबवायच्या पेडलचीही, अशीच गंमत, नवीन माणूस घाबरतोच. मी दुसऱ्या कंपनीचा पेडल लावला तर पाय ठेवला की सूर तुटायचा आणि पाय काढला की सगळे सूर एकमेकांत घुमत राहायचे, बरोबर उलटं. मला वाटलं पेडल खराब निघाला. तसं नव्हतं, सगळ्या कंपन्यांचे पेडल एका पद्धतीने बनत नाहीत, काहींचं स्विच न दाबता जोडलेलं असतं आणि काहींचं दाबल्यावर जोडलं जातं. बरेच कीबोर्ड चालू होताना पेडल कसा आहे ते तपासून घेतात, म्हणून आधी पेडल लावायचा, मग पायाने न दाबता कीबोर्ड चालू करायचा. माझा तेवढ्यानेच ठीक झाला. काही पेडलला खाली छोटा स्विचही असतो उलटसुलट करायला.

घेण्याआधी तुम्ही कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये काम करता तेही बघा. लाँचकी एबल्टन लाइव्हला जोडला की बरंच काही आपोआप जुळतं, तेच रीपरमध्ये मिडी लर्न वापरून एकेक नॉब हाताने जोडावा लागू शकतो, अवघड नाही पण एक संध्याकाळ जाते. सोबत मिळणारं सॉफ्टवेअर ही मात्र खरी कमाई असते, बऱ्याच स्वस्त कंट्रोलरबरोबर एबल्टन लाइव्ह लाइट येतं. सेकंड हँड घेणार असाल तर ते लायसन्स आधीच्या मालकाने वापरलेलं असण्याची शक्यता जास्त, ते धरूनच किंमत ठरवा. आणि सेकंड हँडमध्ये सगळ्यात आधी यूएसबीचं सॉकेट बघा, वायर लावून हलकेच हलवा, लाइट विझून परत लागली तर सोडून द्या. मग प्रत्येक पट्टी एकदा, आणि प्रत्येक नॉब एका जागी सोडून स्क्रीनकडे बघत बसा, हात न लावता आकडा थरथरत असेल तर तो नॉब गेलेला आहे. ड्रायव्हरशिवाय चालणारा, म्हणजे क्लास कंप्लायंट असेल तर उत्तम, कंपनीने उद्या सपोर्ट बंद केला तरी निदान पट्ट्या वाजत राहतात. माझ्या त्या मोठ्या कंट्रोलरच्या पट्ट्या शेवटपर्यंत वाजल्या त्या यामुळेच.

संपादक साहेब, तुमच्या पेपरावर लोक विश्वास ठेवतात, पोरं त्यातली कात्रणं काढून ठेवतात, म्हणून कळकळीने लिहितोय. पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा पट्ट्यांच्या आकड्याशेजारी त्या फुल साइझ आहेत की मिनी, नॉब साधे की एन्कोडर, ड्रायव्हर लागतो का, आणि लांबी किती सेंटिमीटर एवढं तरी द्या. लांबी तर नक्कीच द्या.

भाच्याला मी काही घ्यायला सांगितलं नाही. म्हटलं एक महिना कॉम्प्युटरच्याच कीबोर्डवर वाजव, एबल्टन, एफएल स्टुडिओ, गॅरेजबँड सगळ्यांत ती सोय आहे, अक्षरांची बटणं पट्ट्यांसारखी वाजतात, आणि अडलं की काय अडलं ते कागदावर लिही. काल त्याने त्या कागदाचा फोटो पाठवला. पॅड नाही असं एकदाही लिहिलेलं नाही. फेडरचं नाव नाही. 'हळू वाजवता येत नाही' हे मात्र अकरा वेळा लिहिलंय, आणि खाली त्याने स्वतःच टेबलावरची मॉनिटरपुढची रिकामी जागा फूटपट्टीने मोजून लिहिली आहे, ५२ सेंटिमीटर.

आपला,
एक नियमित वाचक