न आलेल्यांचे मत उभ्या बाटलीला

महोदय,

दारूदुकान बंद करण्यासाठी एखाद्या गावात मतदान होते, 'आडवी बाटली', म्हणजे दुकान बंद करण्याची बाजू, हरते आणि दुसऱ्या दिवशी कारणे ठरलेली असतात: बायका आल्याच नाहीत, दुकानदाराने पैसे वाटले, पुढाऱ्यांची आतून साथ होती. यातले काही खरे असेलही. पण पडलेल्या मतांत आडवी बाटली कितीतरी पुढे असूनही दुकान चालू राहते, तेव्हा दोष मतपेटीत शोधून सापडत नाही. तो मतदार यादीत असतो आणि मतदानाच्या दोन-तीन महिने आधी हातपाय हलवले तर बराचसा दूर करता येतो.

आधी नियम नीट पाहू. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातल्या महिला मतदारांपैकी, किंवा एकूण मतदारांपैकी, किमान २५ टक्के लोकांनी लेखी मागणी केली आणि सह्यांची पडताळणी झाली, की गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मते लागतात. ही निम्मी कशाची, इथेच सगळी गफलत होते. पडलेल्या मतांची नव्हे, यादीत नावे असलेल्या मतदारांची.

समजा, यादीत १,००० महिला आहेत. म्हणजे ५०१ मते हवीत. त्यातल्या ८० मयत किंवा दुबार आहेत आणि १७० लग्न होऊन किंवा कामासाठी कायमच्या बाहेर गेल्या आहेत. गावात प्रत्यक्ष राहिल्या ७५०. त्यांतल्या ६० टक्के, म्हणजे ४५०, रांगेत उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीने आडव्या बाटलीवर शिक्का मारला, उभीला एकही मत पडले नाही, तरी ठराव पडला. जिंकायचे तर गावात असलेल्या दर तीन महिलांपैकी दोघींनी येऊन एकाच बाजूला मत द्यायला हवे. एवढा एकमुखी कौल आपल्याकडे कुठल्या आमदाराला मिळतो?

लोकसभा-विधानसभेला असा अडथळा नाही. तिथे पडलेल्या मतांत जो पुढे तो निवडून येतो, मतदान किती झाले याला किमान मर्यादा नाही. यादीत मयताचे नाव राहिले तर धोका एवढाच, की त्या नावावर कोणी बोगस मत टाकेल. न टाकल्यास ते नाव निरुपद्रवी. बाटलीच्या मतदानात मात्र तेच नाव काही न करता दुकानाच्या बाजूने मोजले जाते. बाद मताचेही तसेच: दोन्ही चित्रांवर शिक्का पडला, तर तो उभ्या बाटलीला गेला असेच समजा.

हा पेच आपल्याकडेच आहे असे नाही. १ मार्च १९७९ रोजी स्कॉटलंडमध्ये स्वतंत्र विधिमंडळासाठी सार्वमत झाले. बाजूने १२,३०,९३७ मते, विरोधात ११,५३,५०२. बाजूची मते ५१.६ टक्के, तरी प्रस्ताव पडला. कारण जॉर्ज कनिंगहॅम या मजूर पक्षाच्याच खासदाराने कायद्यात अट घालून घेतली होती, की एकूण मतदारांच्या किमान ४० टक्क्यांनी होकार द्यायला हवा. होकार भरला ३२.९ टक्के. मयतही नकाराच्या बाजूने मोजले जाणार, ही तक्रार तेव्हा तिकडेही झाली होती. फरक असा, की तिथल्या सरकारने यादीतल्या मयतांचा आणि दुबार नावांचा अंदाज काढून तो आकडा आधी वजा केला आणि मग टक्केवारी काढली. आपल्या आदेशात अशी वजाबाकी नाही.

उलट टोक २०१६ चे ब्रेक्झिट. तिथे साधे बहुमत पुरेसे होते. बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के मते पडली, पण एकूण मतदारांशी ताडून पाहिले तर ती ३७ टक्क्यांच्या आसपासच. आपल्या बाटलीचा नियम तिथे असता, तर ब्रिटन आजही युरोपीय संघात असता.

आणि घरातलेच उदाहरण १६ जानेवारी १९६७ च्या गोव्यातल्या जनमत कौलाचे. राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नसल्यामुळे त्यासाठी १९६६ मध्ये संसदेला वेगळा कायदा करावा लागला. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला. महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी 'फूल', वेगळा केंद्रशासित प्रदेश ठेवण्यासाठी 'दोन पाने'. फुलाला १,३८,१७० मते मिळाली, दोन पानांना १,७२,१९१. महाराष्ट्रातल्या अनेकांना तो निकाल झोंबला, पण मान्य करावाच लागला. नोंदलेले मतदार होते सुमारे ३ लाख ८८ हजार आणि मतदान झाले जवळपास ८२ टक्के. एवढ्या चुरशीच्या लढतीतही जिंकलेल्या बाजूला नोंदलेल्या मतदारांपैकी ४४ टक्केच मते होती. निम्म्याची अट तिथे असती, तर दोघांपैकी कोणीच ती गाठली नसती. बाहेर राहणाऱ्या गोवेकरांना मत असावे की नाही यावरूनही तेव्हा वाद झालाच होता. म्हणजे यादीत कोण, हा तंटा प्रचाराच्या आधीचा.

निम्म्याच्या अटीचा आणखी एक परिणाम होतो, ज्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. दुकानाच्या बाजूच्या माणसाला मत द्यायला जायची गरजच राहत नाही. मत विकत घेण्यापेक्षा मतदाराला घरी बसवणे स्वस्त पडते. त्या दिवशी शेतावर वाढीव मजुरी द्या, देवदर्शनाची गाडी काढा, काम झाले. शिवाय जी बाई केंद्रावर गेली ती दुकानाच्या विरोधात, हे चौकात बसलेल्याला लगेच कळते. मतपत्रिका गुप्त, पण मतदार उघडा पडतो. नवराच दुकानात कामाला असेल तर ती बाई कशाला येईल? इटलीत कायदा रद्द करण्यासाठीचे सार्वमत निम्म्याहून जास्त मतदारांनी भाग घेतला तरच वैध ठरते. तिथे २००५ मध्ये कृत्रिम गर्भधारणेच्या कायद्यावरच्या सार्वमताच्या वेळी विरोधकांनी सरळ 'घरी बसा' असाच प्रचार केला आणि मतदान २६ टक्क्यांच्या आसपास थांबले.

आता गावात काय करता येईल ते सांगतो. पहिले काम सह्यांचे नाही, यादीचे. गावाची आणि वॉर्डाची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. त्यामुळे ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत जाऊन नावे कमी करा म्हणून भांडण्यात अर्थ नाही, दुरुस्ती विधानसभेच्या यादीतच व्हायला हवी. यादीचे सगळे भाग घ्या, पुरवणीसह. एकूण आकडा पहिल्या पानावरून उचलू नका. पुरवणीत नव्याने आलेली नावे आणि वगळलेली नावे जमेस धरून शेवटच्या गोषवाऱ्यात निव्वळ मतदार दिलेले असतात. तो आकडा खरा. मग वाडीनिहाय दोन-दोन महिलांनी घरोघर जाऊन प्रत्येक नावापुढे एकच खूण करायची: आहे, मयत, कायमचे बाहेर, दुबार.

मयताचे नाव काढायला नमुना ७ चा अर्ज लागतो. सोबत मृत्यूचा दाखला जोडला की काम सोपे होते. गंमत अशी, की मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि यादी शाळेत शिकवणाऱ्या बीएलओकडे (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी). दोन्ही इमारती बहुधा हाकेच्या अंतरावर, पण एका दप्तरातल्या नोंदीवरून दुसऱ्यातले नाव आपोआप कमी होत नाही. अर्ज त्याच मतदारसंघातल्या मतदाराने करायचा असतो. एकाच माणसाने गठ्ठ्याने आणून टाकलेले अर्ज स्वीकारले जात नाहीत, म्हणून ज्या त्या घरातल्या माणसाकडूनच भरून घ्यावेत. नोटीस, चौकशी, सुनावणी यांत महिना सहज निघून जातो.

लग्न होऊन गेलेल्या मुलींचा प्रश्न जास्त किचकट. २०२२ पासून पत्ता बदलण्यासाठी, मतदारसंघ बदलत असला तरी, नमुना ८ भरायचा आहे. पण सासरी गेल्यावर बहुतेक जणी अजून नव्या मतदारासारखा नमुना ६ भरतात, तोही नव्या आडनावाने. मग सासरी नाव चढते आणि माहेरचे तसेच राहते. अशा लेकीला फोन करून नमुना ८ भरायला लावणे हा माहेरच्या गावाचे काम हलके करण्याचा सर्वांत सरळ मार्ग.

इथे एक पथ्य पाळायलाच हवे. ऊसतोडीला गेलेले कुटुंब 'स्थलांतरित' नाही. तात्पुरते बाहेर गेल्याने कायद्याने माणसाचे राहते ठिकाण बदलत नाही. त्यांची नावे काढायचा अर्ज करणे चूक आहे, आणि खोटे निवेदन केल्यास लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दुकानाच्या बाजूच्या घरांची जिवंत नावे कापायचा मोह काही ठिकाणी होतो. तसे करणाऱ्यांनी आपण कुठल्या तोंडाने गैरप्रकाराबद्दल बोलणार, याचा विचार करावा.

यादी आटोपली की सह्या. २५ टक्के लागतात म्हणून २५ टक्क्यांवर थांबू नका, ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जा. पडताळणीत सह्या गळतात त्या नेहमीच्या कारणांनी: सुनेने सासूची सही केली, यादीत माहेरचे नाव आहे आणि सही सासरच्या नावाने, अंगठ्यापुढे नाव लिहिलेले नाही, यादीतला अनुक्रमांक नाही. म्हणून प्रत्येक कागदावर भाग क्रमांक, अनुक्रमांक, यादीत आहे तसेच नाव, ओळखपत्राचा क्रमांक आणि सही किंवा अंगठा असे रकाने आधीच आखून घ्यावेत. अर्ज महिला मतदारांच्या वतीने करायचा की सर्व मतदारांच्या, हे सुरुवातीलाच ठरवा, कारण निम्मे कोणाचे ते त्यावर ठरते. पुरुष मोठ्या संख्येने पुण्या-मुंबईला असतील त्या गावात सर्व मतदारांचा अर्ज म्हणजे हरण्याची तयारी. आणि सह्या गोळा करायला सरपंच किंवा विरोधी पॅनेलचा म्होरक्या पुढे नसावा. तो आला की अर्धे गाव प्रश्न न वाचताच विरोधात जाते.

तारखेचे महत्त्व फार. ऊसतोड मजुरांच्या तांड्यांत दिवाळीनंतर ते मार्चअखेर मतदान म्हणजे रिकाम्या गावात मतदान. पेरणीचा आठवडा, आठवडी बाजाराचा दिवस, लग्नाची मोठी तिथी हेही टाळायला हवे. तारीख प्रशासन ठरवते, पण अर्ज कधी द्यायचा हे आपल्या हातात असते आणि अडचणीच्या तारखा लेखी कळवता येतात. तोंडी सांगून उपयोग नाही, पोच घ्यावी.

मतदानाच्या आधी पुठ्ठ्यावर दोन्ही चित्रे काढून घरोघरी दाखवावीत. 'बाटली नको' म्हणजे कुठल्या चित्रावर शिक्का, यात वयस्कर बायकांचा घोळ होतो. बाटली दिसली की फुली मारायची, असे समजून दोन्हींवर शिक्का मारणाऱ्याही निघतात. सकाळी अकरापर्यंत कोण आले नाही ते यादीवर पाहून उरलेल्यांना आणावे, संध्याकाळी धावपळ करून काही होत नाही.

जिंकल्यावरही दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. या मतदानाने परवान्याचे दुकान बंद होते. हातभट्टी आणि चोरून विक्री हा पोलीस आणि उत्पादन शुल्क खात्याचा विषय तसाच राहतो. आणि परवानाधारक प्रक्रियेतल्या त्रुटी काढून न्यायालयात जाऊ शकतो. तो त्याचा हक्क आहे, त्याने शुल्क भरून परवाना घेतलेला असतो. म्हणून अर्जाची प्रत, पोच, पडताळणीचा अहवाल आणि निकालपत्रक जपून ठेवावे.

शासनाकडे मागणी एकच, पण दोन पर्यायांत. निम्म्याची अट ठेवायची तर मागणीअर्ज मान्य झाल्यापासून मतदानापर्यंत त्या गावाच्या यादीची विशेष पडताळणी बीएलओकडून सक्तीची करावी आणि मयत व दुबार नावे वजा करून उरलेल्या संख्येवर निम्मे मोजावेत. ते जमत नसेल, तर पडलेल्या मतांत बहुमत आणि शिवाय एकूण मतदारांच्या ३५ टक्क्यांचा होकार, अशी जोडअट आणावी. नुसती मतदानाच्या टक्केवारीची अट मात्र आणू नये, इटलीसारखे घरी बसवण्याचे राजकारण त्याने आणखी वाढेल. उत्पादन शुल्क खात्याने यापूर्वीच्या सर्व बाटली मतदानांचे आकडे, म्हणजे यादीतले मतदार, झालेले मतदान, आडवी, उभी आणि बाद, जिल्हावार प्रसिद्ध केले, तर किती ठराव लोकांनी पाडले आणि किती यादीने पाडले, हे कोणालाही एका पानावर पडताळून पाहता येईल.

– एक मतदार, सातारा